वगळलेला तालुका

सातमाळा विद्यापीठातील पहिल्या दोन वर्षांच्या दोन हजार दोनशे चौदा विद्यार्थ्यांना ‘मला वाचायला कोणी शिकवले’ या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगण्यात आले. त्यांपैकी तेवीस जणांच्या कागदावर एकच वाक्य होते: ‘मला आठवत नाही.’ हे तेवीस जण सात विद्याशाखांत विभागलेले होते, चार वसतिगृहांत राहत होते, आणि निबंध त्यांनी पाच वेगवेगळ्या दिवशी लिहिले होते.

मराठीच्या प्राध्यापिका इंदुमती देवरे यांनी ते तेवीस कागद संख्याशास्त्र विभागात आणून डॉ. हेमंत भामरे यांच्या टेबलावर ठेवले.

“बहिष्कार दिसतोय,” त्या म्हणाल्या. “नोटीस न देता केलेला.”

भामरे यांनी कागद एकेक करून उलटे केले, पाठीमागे काही आहे का पाहिले. “बहिष्कार असता तर तेविसांत एकाने तरी विनोद केला असता. आणि एखाद्याने तरी तुमचं नाव घातलं असतं.”

“माझं कशाला?”

“वीस गुणांचा निबंध लावलात म्हणून.”

देवरेबाई हसल्या नाहीत. “चौघांना मी बोलावून विचारलं. खोटं बोलत असतील असं वाटत नाही. एक मुलगी तर माझीच माफी मागायला लागली. म्हणाली, मॅडम, मी आठवायचा प्रयत्न करते तेव्हा तिथे काहीच नसतं.” दाराशी पोचल्यावर त्या वळल्या. “तुमच्या रेवाचा निबंध मात्र सगळ्यांत उजवा आहे. वीसपैकी एकोणीस. उज्ज्वलाताईंवर लिहिलंय. वाचताना मला चष्मा काढून ठेवावा लागला.”

“एक गुण कुठे गेला?”

“भाषा थोडी कोरडी आहे. तुमच्यावर गेलीय पोरगी.”

भामरे यांना बरे वाटले. तीन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी उज्ज्वला गेली. तेव्हापासून रेवाबद्दल कोणी चांगले बोलले की त्यांना आधी बरे वाटे आणि मग, घरी गेल्यावर सांगायला कोणी नाही, हे लक्षात येई. त्यांनी तेवीस नावांची यादी केली आणि भिंतीवर, विद्यापीठाच्या गावाच्या म्हणजे खैरगावच्या नकाशाशेजारी टाचली.

*

सातमाळा विद्यापीठाने ‘सर्वविद्या’ सुरू केली तेव्हा तिची कल्पना साधी होती. विद्यार्थी कोणत्याही शाखेचा असो, त्याने स्वतःच्या शाखेबाहेरचे नऊ विषय शिकल्याखेरीज त्याला पदवी मिळू नये: भूशास्त्र, इतिहास, तर्क, कायदा, आरोग्य, अर्थकारण, संख्याशास्त्र, संगीत आणि मराठी. पूल बांधणाऱ्याला नदीचा इतिहास ठाऊक असावा आणि कविता शिकवणाऱ्याला सरासरी म्हणजे काय ते कळावे. कल्पनेविरुद्ध कोणाचे काही म्हणणे नव्हते. वेळ मात्र कोणाकडेच नव्हता. विद्यार्थ्यांनी सर्वविद्येचे नाव ‘भेळ’ ठेवले आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती खाऊन परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरून जाण्याची रीत पाडली.

यावर उपाय शोधला मेंदूविज्ञान विभागाच्या डॉ. शबनम तांबोळी यांनी. त्यामागचे तत्त्व जुने होते. गाढ झोपेत मेंदूमध्ये संथ लहरी उठतात, आणि त्या लहरींवर मेंदू दिवसाचे अनुभव पुन्हा चाळतो. जे चाळले जाते ते टिकते. धडा शिकताना मागे एखादा आवाज मंद वाजत ठेवला आणि झोपेत, जाग येणार नाही इतक्या हळू, तोच आवाज ऐकवला, तर मेंदू नेमका तोच धडा चाळायला घेतो. आवाज म्हणजे हजार पानांच्या पुस्तकात घातलेली खूण. तांबोळी यांनी भर घातली ती अचूकतेची. त्यांची कपाळावर बांधायची पट्टी प्रत्येक लहर ओळखे आणि तिच्या चढावर, सेकंदाच्या विसाव्या भागाइतक्या नेमकेपणाने, आवाज सोडे. रात्रीतून सुमारे दोनशे वेळा. नऊ विषय दोन सत्रांत होत, आणि होत म्हणजे खरोखर होत. वर्षानंतर विचारले तरी विद्यार्थी सांगत. याला ‘निद्रापाठ’ म्हणत. पहिल्या वर्षी सर्वांनी वसतिगृहात राहावे असा नियम झाला आणि प्रवेशाच्या दिवशी बादली, गादी आणि पट्टी अशा तीन वस्तू सही घेऊन देण्यात येऊ लागल्या.

अडचण आली ती आवाजाची. नऊ विभागांना नऊ आवाज हवे होते. इतिहासाला तुतारी हवी होती. कायद्याला न्यायाधीशाचा हातोडा हवा होता आणि भूशास्त्राला खडकावर पडणारी हातोडी. या दोहोंतला फरक झोपलेल्या विद्यार्थ्याला कळेल काय, यावर पावणेदोन तास चर्चा झाली. संगीत विभागाचे म्हणणे असे की बाकीच्या आठांपैकी कोणालाही आवाज निवडण्याचा अधिकारच नाही. सात बैठका झाल्या. समितीत भामरे होते ते संशय घेण्यासाठी. कुलगुरूंनी त्यांना तसे सांगूनच घेतले होते.

सातव्या आणि आठव्या बैठकीच्या मध्ये उज्ज्वला भामरे अकरा दिवस दवाखान्यात राहून गेल्या.

त्या खैरगावच्या नगरपरिषद शाळा क्रमांक चारमध्ये पहिलीच्या ‘अ’ तुकडीला शिकवीत. बढती नाकारून बावीस वर्षे पहिलीलाच शिकवीत राहिल्या. वर्गावर ओरडणे त्यांना जमत नसे. मुले गोंधळ करू लागली की त्या मिटल्या ओठांनी एक चाल गुणगुणत, जेमतेम सात सेकंदांची, शब्द नसलेली. ती संपेपर्यंत पाट्या मांडीवर आणि हाताची घडी, असा वर्गाचा शिरस्ता होता. मुले वाचू लागली तीही त्याच चालीवर. घरीही त्या तीच गुणगुणत: रेवाची वेणी घालताना, कणीक मळताना, ताप आलेल्या कपाळावर घडी बदलताना. भामरे यांना ती कधी सुरात म्हणता आली नाही, आणि त्यावरून घरात बरीच चेष्टा होई.

आठवी बैठक शोकठरावाने सुरू झाली. दोन मिनिटे सर्व उभे राहिले. बसल्यावर अध्यक्ष म्हणाले की गावातल्या निम्म्या मुलांचा पाया ज्यांनी घातला त्यांची चाल सर्वविद्येला असावी. एकच चाल, नऊ विषयांसाठी नऊ वाद्यांवर, म्हणजे कोणत्याच विभागाची सरशी व्हायची नाही. खोलीत सुटकेचा निःश्वास ऐकू आला. भामरे यांच्या फोनमध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनात टिपलेली त्या चालीची ध्वनिफीत होती. ती त्यांनी दिली. ठराव एकमताने झाला.

संशय घेण्याचे काम त्यांनी तरीही सोडले नाही. साठ विद्यार्थ्यांवर तीन महिने चाचणी झाल्याखेरीज निद्रापाठ सुरू होऊ नये, असा आग्रह त्यांनीच धरला, आणि चाचणीचा आराखडा स्वतः लिहिला. लहानपणच्या आठवणींना धक्का लागतो काय, हेही त्यात तपासले होते. लागला नव्हता. साठांपैकी एकाच्याही नाही.

*

तेवीस नावांचा उलगडा अर्ध्या दिवसात अर्धा झाला. तेवीसही जण खैरगावचे होते. तेवीसही जण शाळा क्रमांक चारचे होते. पण त्याच शाळेतल्या ‘ब’ तुकडीचे एकोणीस विद्यार्थी विद्यापीठात होते आणि त्या एकोणिसांनी आपल्या गुरुजींवर भरभरून लिहिले होते. तिघांनी त्यांच्या तपकिरीच्या डबीचाही उल्लेख केला होता. पाणी तेच, इमारत तीच, दुपारची खिचडी तीच. फरक एकच होता. तेवीसही जणांना वाचायला शिकवले होते उज्ज्वलाने.

भामरे यांनी ती यादी पुन्हा एकदा पडताळली. मग त्यांनी यंत्र अभियांत्रिकीच्या गौरव बच्छाव नावाच्या विद्यार्थ्याला बोलावले.

“शाळा आठवते?” त्यांनी विचारले.

“हो सर. बाकाला खिळा होता, चड्डी फाटायची. घंटा रुळाच्या तुकड्याची होती. माझ्या शेजारी पवन बसायचा, पाटी चाटून पुसायचा.”

“आणि समोर?”

गौरव थांबला. “समोर फळा आहे. फळ्यावर अक्षरं आहेत.” त्याने नजर खाली घेतली. “ती कोण लिहितंय ते नाही दिसत, सर. मला ठाऊक आहे कोण होत्या ते. दाखल्यावर नाव आहे. आई सांगते, तू बाईंच्या पदराला धरून दोन महिने रडलास. पण ते आईचं झालं. माझ्याकडे नाही काही. राग मानू नका.”

“राग कशाचा?”

“तुमच्या घरातल्या होत्या म्हणून.”

डॉ. तांबोळी यांनी यादी पाहिली आणि एक क्षणही न दवडता म्हणाल्या, “सर, चाल.”

“चाल तपासलेली आहे.”

“आवाज खुणेचा असतो तेव्हा तो नव्या धड्यालाच तेवढा जागं करतो असं नाही. त्या आवाजाला आधीपासून जे बांधलेलं आहे तेही उठतं. मग दोघांत झटापट होते. जिंकतं ते आणखी पक्कं होतं, हरतं ते दर खेपेला थोडं पुसट होतं. नवा धडा ताजा असतो, दिवसाच शिकलेला. तो जिंकतो. रात्रीतून दोनशे वेळा, दोनशे सत्तर रात्री.”

“चोपन्न हजार,” भामरे म्हणाले.

“चोपन्न हजार वेळा हरल्यावर काय उरेल?”

“हे तुम्ही तेव्हाही म्हणाला होतात. म्हणून तर चाचणी केली. साठ विद्यार्थी, शून्य बाधित. शून्याशी मला वाद घालता येत नाही, तांबोळी मॅडम. दुसरं कारण शोधा.”

“तुम्हाला दुसरं कारण हवंय का, सर?”

भामरे यांनी यादी परत घेतली. संशय घेणे हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा होता. औषध कंपन्यांचे दावे, पर्जन्यमानाची भाकिते, सहकाऱ्यांचे प्रबंध, या सर्वांवर त्यांनी संशय घेतला होता. स्वतःच्या चाचणीवर घेतला नव्हता, कारण ती त्यांनी इतक्या संशयाने रचली होती की आता काही उरले असेल असे त्यांना वाटले नाही.

*

जुन्या धारिका सामान्य प्रशासन विभागात होत्या आणि त्या पगार भाऊसाहेबांखेरीज कोणाला सापडत नसत. पगार हे विद्यापीठातले सर्वांत जुने लिपिक. त्यांनी निद्रापाठाची धारिका आणली, टेबलावर ठेवण्याआधी धूळ स्वतःच्या बाहीला पुसली, आणि भामरे यांच्यासमोर बसून राहिले.

“तुम्ही गेलात तरी चालेल, भाऊसाहेब.”

“बसतो थोडा. धारिका बाहेर गेली की परत येत नाही. अनुभव आहे.”

भामरे पाने उलटत गेले. शोकठराव. चालीचा ठराव, खाली ‘सूचक: अध्यक्ष. अनुमोदक: डॉ. हे. ना. भामरे.’ अनुमोदन दिल्याचे त्यांना आठवत नव्हते. त्या दिवसाचे त्यांना फारसे काही आठवत नव्हते. मग चाचणीचा आराखडा आला. कलम एक, दोन, तीन. कलम सहापाशी ते थांबले.

‘विद्यार्थ्यांची निवड करताना खैरगाव तालुक्यातील विद्यार्थी वगळावेत. स्थानिक विद्यार्थी प्राध्यापकांच्या परिचयाचे असल्याने निष्कर्ष दूषित होण्याचा संभव आहे.’

“हे कलम,” ते म्हणाले.

पगारांनी मान वाकडी करून वाचले. “तुमचंच आहे. तुमच्या अक्षरात आलं होतं, टाईप मी केलं. मी तेव्हा म्हटलं पण होतं तुम्हाला, सर, की खैरगावची पोरं काय परकी आहेत का. तुम्ही म्हणालात, परकी नाहीत म्हणूनच.”

भामरे यांनी धारिका मिटली.

कलम निर्दोष होते. आजही एखाद्या विद्यार्थ्याने ते लिहिले असते तर त्यांनी त्याला शाबासकी दिली असती. साठ परगावच्या मुलांना ती चाल म्हणजे मोकळी खुंटी होती. तिला धडा टांगला, धडा राहिला. ज्यांच्या घरात त्या खुंटीला आधीच काही टांगलेले होते ती मुले या तालुक्याबाहेर कोठेही नव्हती, आणि तालुका त्यांनी स्वतःच्या हाताने वगळला होता.

“पाणी आणू का?” पगारांनी विचारले.

“नको. भाऊसाहेब, त्या यादीत तेवीस नावं आहेत. तेवीसच का?”

“म्हणजे?”

“बाईंच्या हाताखालून गेलेली आणि या दोन वर्षांत इथे आलेली मुलं चोवीस आहेत.”

खैरगावात त्या चोविसाव्या नावासाठी यादी लागत नव्हती.

*

देवरेबाईंनी निबंध पाकिटात घालून दिला. भामरे यांनी तो आपल्या खोलीत वाचला. चार पाने होती. अक्षर रेवाचे, उजवीकडे झुकलेले. ‘माझी आई माझी पहिली शिक्षिका होती’ अशी सुरुवात होती. शाळेच्या अंगणातला बहावा होता. पाट्या पुसण्यासाठी आईने घरून नेलेले जुन्या साडीचे तुकडे होते. पहिल्या दिवशी वर्गात ‘आई’ म्हणून हाक मारली म्हणून झालेला हशा होता आणि घरी गेल्यावर आईने त्याबद्दल मागितलेली माफी होती. कोणाचाही चष्मा निघावा असा निबंध होता.

त्यांनी तो दुसऱ्यांदा वाचला, या वेळी पेन्सिल घेऊन. प्रत्येक गोष्टीखाली त्यांनी तिचा उगम लिहिला. बहावा: दिवाणखान्यातला फोटो. साडीचे तुकडे: वर्षश्राद्धाच्या दिवशी ते स्वतः रेवाला सांगत होते. हशा आणि माफी: तेही त्यांनीच सांगितलेले, उज्ज्वलाने त्यांना त्या संध्याकाळी सांगितले तसे, शब्दही तेच. चौथ्या पानाच्या तळापर्यंत पेन्सिल थांबली नाही. जी त्यांनी तिला सांगितली नव्हती आणि भिंतीवरही लटकत नव्हती, अशी एकही गोष्ट निबंधात नव्हती. सोळा वर्षे आईजवळ राहिलेल्या मुलीकडे स्वतःचे असे एक वाक्य नव्हते.

कोरडेपणाबद्दल देवरेबाईंनी कापलेला गुण योग्य होता.

रेवा रविवारी घरी आली. ती विद्यापीठात स्थापत्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि येताना नेहमी कपड्यांची पिशवी आणी. भामरे यांनी पोहे केले होते. ते तिने न बोलता खाल्ले. मीठ जास्त झाले आहे हे सांगितले नाही, यावरूनच ती काहीतरी ओळखून आहे हे त्यांना कळले.

“निबंध वाचलात,” ती म्हणाली.

“वाचला.”

“बाईंनी दाखवायला नको होता.”

“मी मागून घेतला.” त्यांना पुढे काय विचारावे ते सुचेना. तीस वर्षे प्रश्नावल्या करण्यात गेली होती आणि आता एकही प्रश्न नीट मांडता येत नव्हता. मग त्यांनी ओठ मिटले आणि चाल गुणगुणायला घेतली. तिसऱ्या स्वरावर ती नेहमीप्रमाणे घसरली.

रेवाची नजर स्थिर झाली. “दख्खनच्या पठारावरील बेसॉल्टचे थर,” ती म्हणाली, “सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या प्रवाहांनी बनले. दोन प्रवाहांच्या मधे सापडणारा तांबडा थर म्हणजे…” ती थांबली. तिने हात तोंडावर नेला. “असंच होतं. भूशास्त्र आधी येतं. मग बासरीवर असेल तर तर्क.”

“कधीपासून?”

“पहिल्या वर्षाच्या दिवाळीत कळलं. कपाट आवरताना तिची हिरवी साडी निघाली. तुम्ही नाकाला लावलीत आणि बाहेर गेलात. मीही लावली. साडीचा वास येत होता, बाबा. साडीचाच.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुमच्याकडे तीच एक गोष्ट होती. दोघांनी मिळून आठवायची. तुम्ही सांगायचात, मी म्हणायचे हो, हो. तुम्हाला बरं वाटायचं.” तिने बशीतला शेवटचा दाणा बोटाने सरकवला. “मला आई ठाऊक आहे. सगळी ठाऊक आहे. सातमाळाची रांग ठाऊक आहे तशी. परीक्षेत विचारलं तर पूर्ण गुण मिळतील.”

“काहीच उरलं नाही?”

तिने बशी दूर सारली.

“दवाखाना उरलाय. अकराच्या अकरा दिवस. तिच्या तोंडावरचा प्राणवायूचा मास्क, हाताला बांधलेली निळी पट्टी, नखं कापायची राहिलेली. नर्सने खिडकी बंद केली तो आवाज. ते सगळं लख्ख आहे. बाकीचं गेलं आणि तेवढंच का राहिलं, ते मला कळत नाही.”

भामरे यांना कळले. ते कळणे इतके स्वच्छ होते की क्षणभर त्यांना, सवयीने, समाधान वाटले आणि त्याची त्यांना पुढे अनेक वर्षे लाज वाटत राहिली.

“मास्क होता,” ते म्हणाले. “मास्कमधे गुणगुणता येत नाही.”

रेवाने त्यांच्याकडे पाहिले. तीही आता तर्कशास्त्र शिकलेली होती. तिला पुढचे सांगावे लागले नाही.

“चाल तुम्ही दिली होती,” ती म्हणाली.

“हो.”

“तिच्यासाठी.”

“हो.”

तिने उठून दोन्ही बशा मोरीत नेल्या. पाणी बराच वेळ वाहत होते. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज साधा होता. “तांबोळी मॅडम काही करू शकतील?”

त्यांनी शनिवारीच विचारले होते. तांबोळी यांनी आशा लावली नव्हती. पाटी पुसलेली असती तर पुन्हा लिहिता आली असती, त्या म्हणाल्या होत्या. ही पाटी दुसऱ्या अक्षरांनी भरलेली आहे. चाल पुन्हा वाजवली तर भूशास्त्रच आणखी पक्के होईल. आणि मग, डोळे पुसत, “सर, यंत्र माझं आहे. अहवालात नाव माझं जाऊ द्या. तुमच्या घरात आधीच…” भामरे यांनी त्यांना वाक्य पुरे करू दिले नव्हते.

“नाही,” त्यांनी रेवाला सांगितले.

“मग तुम्ही सांगत जा मला,” ती म्हणाली. “पण ‘तुला आठवतं ना’ असं म्हणू नका. माझं म्हणून नका सांगू. तुमचं म्हणून सांगा. मी ऐकेन.”

तिने खुर्चीवर बसून कंगवा हातात घेतला आणि स्वतःची वेणी स्वतः घालू लागली. भामरे समोर बसले. एक गोष्ट त्यांनी तिला अजून सांगितली नव्हती: लग्नाआधी बसच्या थांब्यावर उज्ज्वलाने त्यांना मोडीत काढले होते, ‘संख्याशास्त्रज्ञ म्हणजे ज्याला एकही माणूस नीट मोजता येत नाही तो’ असे म्हणून. ती त्यांनी आता सांगितली. रेवा हसली. ओळखीच्या नसलेल्या बाईच्या विनोदाला हसावे तशी, मनापासून.

*

अहवाल पाच पानी होता. सोमवारी सकाळी तो कुलसचिवांच्या कार्यालयात दाखल झाला आणि त्याच दिवशी वसतिगृहांतून पट्ट्या परत घेण्यास सुरुवात झाली. पोच देताना पगार भाऊसाहेबांनी शेवटचे पान वाचले आणि तारखेचा शिक्का दोनदा उमटवला, एकदा चुकून. ते पान असे होते:

‘बाधित विद्यार्थी: चोवीस. पूर्वी कळवलेला तेवीस हा आकडा चुकीचा होता. एका विद्यार्थिनीने बाधा झाल्याचे लपवले होते.

‘कारण: निद्रापाठात खुणेसाठी वापरलेली चाल या विद्यार्थ्यांच्या मेंदूत आधीच एका व्यक्तीशी जोडलेली होती. झोपेत ती चाल ऐकवल्यावर त्या व्यक्तीची आठवण आणि नवा धडा एकाच वेळी जागे होत, आणि दर वेळी धडा टिकून आठवण क्षीण होत असे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत असे सुमारे चोपन्न हजार वेळा घडले. जेथे चाल नव्हती तेथील आठवणी शाबूत आहेत. चाचणीत हा दोष आढळला नाही, कारण ज्यांच्यात तो आढळू शकला असता ते सर्व विद्यार्थी कलम सहाने वगळले होते.

‘चाल प्रस्तुत लेखकाने दिली. कलम सहा प्रस्तुत लेखकाने लिहिले.’